डोंगर हलत नाही, अँटेना हलते

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्याच चोवीस तासांत कुलाब्याला पडला अवघा ७३ मिलिमीटर. शहर एक, दिवस एक, आणि आकड्यांत बारा-तेरा पटींचा फरक. ‘मुंबईत पाऊस किती झाला?’ हा प्रश्नच त्या दिवशी अपुरा ठरला. कुठे किती झाला, असे विचारायला हवे होते, आणि त्याचे उत्तर द्यायला पुरेशी मापके शहरात नव्हती. पुढे माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने त्या प्रलयाचा अभ्यास केला आणि महापालिकेने ठिकठिकाणी स्वयंचलित पर्जन्यमापक बसवले. पावसाबाबत मुंबई जे शिकली ते रेडिओ लहरींबाबत अजून शिकायचे आहे. हौशी रेडिओ केंद्रांचे, म्हणजे हॅम मंडळींचे, बिनतारी डेटा-जाळे उपनगरांत उभारायचे म्हटले की पहिला प्रश्न येतो, ‘अंधेरीत सिग्नल येतो का?’ हाही प्रश्न तसाच अपुरा आहे. अंधेरीत सिग्नल येत नसतो. तो एखाद्या इमारतीच्या एखाद्या मजल्यावर, एखाद्या खिडकीत येतो. तेव्हा अशा जाळ्याचे खरे काम घराघरातले सिग्नल मोजण्यापासून सुरू होते, आणि हे मोजमाप गरजेच्या दिवसाच्या कितीतरी आधी झालेले असावे लागते.

आधी हे जाळे म्हणजे काय ते पाहू. मोबाइल कंपनी नाही, केबल नाही, मध्ये कोणताही सर्व्हर नाही. संगणक किंवा फोन एका छोट्या रेडिओ संचाला जोडायचा आणि मजकुराचे लहानलहान तुकडे, म्हणजे पॅकेट, हवेतून पाठवायचे. प्रत्येक पॅकेटवर पाठवणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे सांकेतिक नाव असते आणि वाटेतली केंद्रे ते ऐकून पुढे ढकलतात. ही कल्पना जुनी आहे. १९७१ मध्ये हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांनी ‘अलोहानेट’ सुरू करून बेटांवरचे संगणक रेडिओने जोडले. १९७८ मध्ये कॅनडातील माँट्रिअलच्या हौशी मंडळींनी आपल्या संचांवरून पॅकेट पाठवून दाखवले. भारतात या छंदासाठी दूरसंचार विभागाची परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो. मग ‘व्हीयू२’ किंवा ‘व्हीयू३’ने सुरू होणारे सांकेतिक नाव मिळते आणि १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ, ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ असे पट्टे वापरता येतात. परवान्याशिवाय प्रक्षेपण करणे हा गुन्हा आहे, म्हणून पुढचे सारे परवानाधारकांपुरतेच आहे. हा छंद अडचणीच्या वेळी काय करू शकतो, हे डिसेंबर २००४ मध्ये दिसले. त्सुनामी आली तेव्हा हॅम भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी याच छंदापायी पोर्ट ब्लेअरला होते, आणि अंदमानचा बाहेरच्या जगाशी संपर्क तुटला असताना त्यांच्या संचांवरून निरोप ये-जा करत राहिले.

आता उपनगरांकडे वळू. बोरिवली आणि मुलुंड ही दोन स्थानके सरळ रेषेत एकमेकांपासून जेमतेम बारा किलोमीटरवर आहेत. मधे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर आहे, ज्याची उंची काही ठिकाणी साडेचारशे मीटरच्या पुढे जाते. सिग्नल लागला नाही की सगळा दोष या डोंगरावर टाकायची सवय आहे. तो खरा आहे का, हे जमाखर्च मांडूनच कळेल. रेडिओचा हिशेब डेसिबलमध्ये करतात: दहा डेसिबल म्हणजे दहापट, वीस म्हणजे शंभरपट, साठ म्हणजे दहा लाखपट. पाच वॉटचा हातातला संच १४५ मेगाहर्ट्झवर बोलू लागला आणि मधे काहीही नसले, तर बारा किलोमीटरवर पोचणारा सिग्नल साध्या संचाला ऐकायला लागणाऱ्या किमान सिग्नलपेक्षा सुमारे साठ डेसिबलने मोठा असतो. थोडक्यात, अंतराचा खर्च वजा करूनही खात्यात दहा लाखपट शिल्लक उरते. अंतर हा मुंबईच्या उपनगरांचा प्रश्नच नव्हे. ही साठ डेसिबलची शिल्लक जाते कुठे, तो खरा प्रश्न आहे.

डोंगराचा खर्च आधी धरू. लहरी डोंगराच्या माथ्यावरून किंचित वाकून पलीकडे उतरतात. दोन घरांना जोडणाऱ्या रेषेच्या दोनशे मीटर वर मधोमध एकच धारदार कडा आहे असे मानले, तर १४५ मेगाहर्ट्झवर तोटा सुमारे चोवीस डेसिबल येतो. खरा डोंगर गोलसर आणि झाडीने भरलेला, शिवाय एकामागे एक माथे असलेला. म्हणून ढोबळमानाने तीस धरू. आता घरातला खर्च. काँक्रीटच्या भिंतींआड बसलेल्या माणसाचा सिग्नल सहज दहा डेसिबल गमावतो, आणि दोन्ही टोकांना भिंती असल्या की वीस. संचासोबत येणारी बोटभर लांबीची रबरी अँटेना नीट लांबीच्या अँटेनापुढे सहा-सात डेसिबल कमी पडते. दोन्ही टोकांचे मिळून तेरा. उरला शहराचा विद्युत गोंगाट. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या आलेखानुसार शहरी भागात १४५ मेगाहर्ट्झला हा गोंगाट निसर्गाच्या किमान पातळीच्या सुमारे सतरा डेसिबल वर असतो आणि संचाची कान देण्याची ताकद त्यातून पंधराएक डेसिबलने घटते. बेरीज तीस, वीस, तेरा आणि पंधरा, म्हणजे अठ्ठ्याहत्तर. जमा साठ, खर्च अठ्ठ्याहत्तर. संवाद होत नाही. पण खर्चाच्या या यादीत डोंगराच्या नावावर तीसच आहेत. बाकीचे अठ्ठेचाळीस दोन्ही घरांनी आपापल्या चार भिंतींत उडवले.

ती रक्कम परत मिळवता येते, आणि त्यासाठी डोंगर पोखरावा लागत नाही. अँटेना खिडकीबाहेर गेली की भिंतींचा खर्च विसावरून पाचाच्या आसपास येतो. रबरी काडीऐवजी प्रत्येकी ४९ सेंटिमीटरच्या दोन तारांची उभी अँटेना लावली की तेराचे शून्य होतात. चार्जर आणि दिव्यांपासून ती दीड-दोन मीटर दूर राहिली तर गोंगाटाचे पाचएक डेसिबल वाचतात. नवा खर्च पंचेचाळीस, शिल्लक पंधरा. डोंगर तेवढाच उभा आहे आणि बोरिवलीचे मुलुंडला पोचते आहे. समोरच एखादा नवा टॉवर उभा असेल तर त्याचा खर्च वेगळा धरावा लागेल आणि प्रत्येक घराचे आकडे निराळे येतील, हे उघड आहे. पण खर्चाची सर्वांत लवचीक बाजू घराच्या शेवटच्या दहा मीटरमध्ये आहे, हा निष्कर्ष त्याने बदलत नाही. घरचे सिग्नल तपासणे हे जाळ्याच्या उभारणीतले दुय्यम काम नाही, असे म्हणण्याचे कारण हेच.

त्या दहा मीटरांत काय चालते, ते जवळून पाहण्यासारखे आहे. आपल्याकडे खिडकीला ग्रिल असते आणि तिचे चौकोन हाताच्या पंजाएवढे. १४५ मेगाहर्ट्झची लहर दोन मीटर लांबीची. तिला त्या चौकोनांच्या फटी जवळजवळ दिसतच नाहीत, ग्रिल म्हणजे एक लोखंडी पडदाच वाटतो. वायफायची लहर साडेबारा सेंटिमीटरची, ती त्याच ग्रिलमधून बऱ्याच अंशी सुटून जाते. म्हणून ‘वायफाय तर खिडकीतून छान जाते’ हा अनुभव इथे उपयोगी पडत नाही. अँटेना ग्रिलच्या आत कपडे वाळत घालायच्या दांडीला बांधली आणि ग्रिलबाहेर हातभर काढली, यात सिग्नल लागणे आणि न लागणे एवढा फरक पडू शकतो. दुसरी गोष्ट गोंगाटाची. मोबाइलचा स्वस्त चार्जर, एलईडी दिवा, सेट-टॉप बॉक्स, लिफ्टच्या मोटरचा नियंत्रक, गच्चीवरच्या सौर पॅनलचा इन्व्हर्टर, या सगळ्यांत वीज सेकंदाला हजारो वेळा तोडली-जोडली जाते आणि त्या तोडफोडीचे शिंतोडे रेडिओच्या पट्ट्यांत उडतात. कोणता शिंतोडा कुठून येतो, हे घरातली उपकरणे एकेक बंद करत रेडिओ ऐकल्याशिवाय कळत नाही. टीव्ही पाहण्यासाठी बनलेला यूएसबीचा एक छोटा डोंगल संगणकाला लावला की त्याच्या पडद्यावर हा गोंगाट धबधब्यासारखा उतरताना दिसतो. चार्जर काढला की धबधब्यातली एक रेघ नाहीशी होते. संध्याकाळी सात ते दहा हा सगळ्या इमारतीचे दिवे लागण्याचा काळ. दुपारी चांगले लागलेले केंद्र त्या वेळी गायब होणे स्वाभाविक आहे.

घराच्या खिडकीतून कोणत्या दिशा उघड्या आहेत हे तपासायला एक फुकटचे साधन डोक्यावरून फिरत असते. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक जमिनीपासून सुमारे चारशे किलोमीटरवर साधारण दीड तासात पृथ्वीभोवती फेरी मारते आणि त्यावर हॅम रेडिओ आहे. जुलै २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला यांनी याच सोयीने भारतातल्या विद्यार्थ्यांशी संवाद साधला. या स्थानकावरचा संच पॅकेटच्या कामात असतो तेव्हा १४५.८२५ मेगाहर्ट्झवर पॅकेट उतरतात आणि ऐकायला साधी अँटेना पुरते. चारशे किलोमीटरवरून येणारा हा सिग्नल डोंगरापलीकडच्या बारा किलोमीटरवरच्या सिग्नलपेक्षा स्पष्ट लागावा, हे आधी विचित्र वाटते. पण वरच्या जमाखर्चात ते चपखल बसते, कारण आकाशात मधे काहीच नाही. स्थानक कोणत्या दिशेने उगवेल आणि मावळेल याच्या वेळा आधीच ठाऊक असतात. मुलुंडच्या पश्चिमेकडच्या खिडकीत ते कोणत्या कोनावर ऐकू येईनासे होते, घाटकोपरच्या खिडकीत समोरच्या इमारतीमागे किती सेकंद हरवते, हे टिपत गेले की आठवड्याभरात त्या खिडकीच्या क्षितिजाचा आराखडा हाती येतो. दुसऱ्या कुणाची मदत न घेता करता येणारी ही पहिली परीक्षा.

पण एवढ्यावर थांबता येत नाही, कारण डेटा आवाजासारखा दयाळू नसतो. बोलण्यात एखादा शब्द खरखरीत गेला तरी कान तो भरून काढतो. पॅकेटच्या जुन्या, अजूनही चालू असलेल्या पद्धतीत एक बिट चुकला की सगळे पॅकेट टाकून दिले जाते. शंभर अक्षरांचे पॅकेट म्हणजे आठशे बिट. हजारात एक बिट चुकत असेल तर शंभरातली पंचेचाळीसच पॅकेट शाबूत पोचतात. दहा हजारांत एक चुकला तर ब्याण्णव. कानाला हे दोन्ही सिग्नल ‘चांगले’च वाटतील. फरक उघडा पडतो तो साखळीत. बोरिवलीहून मुलुंडला डोंगरावरून जमत नसेल तर पॅकेटला लोकल आणि मेट्रोसारखा वळसा घ्यावा लागतो: बोरिवलीहून अंधेरी, तिथून घाटकोपर आणि मग मुलुंड. तीन टप्पे झाले. प्रत्येक टप्प्यावर पंचेचाळीस टक्के टिकले तर शेवटी नऊ टक्के उरतात. प्रत्येक टप्पा ब्याण्णव टक्क्यांचा असेल तर अठ्ठ्याहत्तर. पुन्हापुन्हा पाठवून काही तूट भरता येते, पण मग तेवढा वेळ वाहिनी अडकून पडते. मधल्या अंधेरीच्या घराने आपली खिडकी नीट तपासली नाही, याची किंमत मुलुंडचे घर मोजते. म्हणूनच घरची परीक्षा ही खासगी बाब राहत नाही.

परीक्षा घ्यायची कशी, हे यावरून ठरते. एकदा हाक मारून ‘ऐकू येतंय’ असे उत्तर मिळणे हा पुरावा नव्हे. प्रत्येक केंद्राने दर दहा मिनिटांनी क्रमांक घातलेले एक छोटे पॅकेट पाठवावे आणि प्रत्येकाने कोणाचे कोणते क्रमांक मिळाले ते आपोआप नोंदवू द्यावे. दिवसाला १४४, आठवड्याला १,००८ पॅकेट होतात. दहापैकी नऊ मिळाली तर खरे प्रमाण साठ टक्क्यांच्या आसपासही असू शकते, कारण दहाचा नमुना फसवतो. हजारांपैकी नऊशे मिळाली तर चूक सहसा दोन टक्क्यांपलीकडे जात नाही. अशा पॅकेटला हवेत सुमारे एक सेकंद लागतो. वीस घरांनी हा क्रम पाळला तरी दहा मिनिटांतले वीस सेकंदच खर्च होतात, आणि हे बंधन महत्त्वाचे आहे. अलोहानेटच्या गणिताने तेव्हाच दाखवले होते की सगळ्यांनी मनाला येईल तेव्हा बोलायचे ठरवले तर वाहिनीचा जास्तीत जास्त अठरा टक्के वेळच सत्कारणी लागतो. नोंद दोन्ही दिशांनी ठेवावी, कारण ऐकणे आणि ऐकले जाणे एक नव्हे. गोंगाट ऐकणाऱ्याच्या घरी असतो. शांत घराला सगळे ऐकू येतात, आणि चार्जरांच्या गराड्यातल्या घराचे सगळ्यांना ऐकू जाते पण त्या घराला कुणाचेच ऐकू येत नाही.

ऋतूही नोंदीत धरावा लागतो, आणि याचा पुरावा मुंबईच्याच इतिहासात आहे. दुसऱ्या महायुद्धात इथे २०० मेगाहर्ट्झचे रडार बसवले होते. कडक उन्हाळ्यात त्याला अरबी समुद्रापलीकडे हजार मैलांहून दूरच्या अरबस्तानच्या किनाऱ्याचे प्रतिध्वनी मिळत, कारण समुद्रालगतच्या दमट हवेवर उष्ण, कोरडी हवा पसरली की त्या थरांत लहरी नळीत अडकाव्या तशा अडकून दूरवर जातात. पावसाळा आला की ते थर ढवळून निघत आणि तेच रडार जवळची जहाजे पाहण्यापुरते उरे. एप्रिलच्या एका संध्याकाळी बोरिवलीच्या समुद्राकडच्या खिडकीत दूरचे केंद्र खणखणीत लागले म्हणून जुलैत ते लागेल, असे धरून चालणे त्या रडारच्या अनुभवाकडे पाठ फिरवणे आहे. पाऊस स्वतः १४५ मेगाहर्ट्झच्या लहरींना फारसा अडवत नाही. पावसाळ्यातली खरी बिघाडाची जागा केबलचा सांधा असते, जिथे पाणी मुरते. म्हणून एक आठवडा उन्हाळ्यात आणि एक जुलैत, असे निदान दोन आठवडे मोजायला हवेत.

यावर काही आक्षेप घेतले जातील, आणि ते वाजवी आहेत. पहिला: मोबाइल असताना हे कशाला? रोजच्या दिवशी नकोच. पण मोबाइलचा टॉवर विजेवर आणि बॅटरीवर चालतो, आणि २००५ च्या त्या रात्री फोन लागत नव्हते हे उपनगरांनी अनुभवले आहे. तेव्हापासून यंत्रणा सुधारल्या; वीज आणि जमिनीखालच्या केबलींवर मात्र त्या अजूनही अवलंबून आहेत. दुसरा आक्षेप: शक्ती वाढवा, मोजत काय बसता? पाच वॉटचे पन्नास केले तर दहा डेसिबल वाढतात; खिडकीबाहेर काढलेली अँटेना दोन्ही टोकांना मिळून त्याच्या जवळपास तिप्पट देते. शिवाय वाढीव शक्तीने आपले दूर जाते, दुसऱ्याचे आपल्याला ऐकू येत नाही. आणि पूर आलेल्या रात्री बॅटरी पाच वॉटला किती तास पुरते आणि पन्नासला किती, हा हिशेब कुणालाही करता येईल.

तिसरा आक्षेप अधिक जड आहे: उंचावर एक रिपीटर, म्हणजे ऐकलेला सिग्नल पुन्हा प्रक्षेपित करणारे केंद्र, बसवला की घरोघरीची ही कटकट संपेल. उंचावरचे केंद्र हवेच, त्याने डोंगराचे तीस डेसिबल वाचतात. पण वरच्या हिशेबातले अठ्ठेचाळीस घरातच राहतात. त्यातला आपल्या टोकाचा वाटा प्रत्येकाला स्वतःच सोडवावा लागतो. शिवाय एकाच केंद्रावर सगळ्यांची भिस्त राहिली की त्याची वीज गेली तर जाळे एका क्षणात संपते; शेजारच्या घरांना एकमेकांचे ऐकू येते हे आकड्यांनी माहीत असले तरच दुसरी वाट उरते. चौथा आक्षेप नव्या तंत्राचा: कमी शक्तीत दूरवर डेटा पोचवणारी लोरा ही रेडिओ पद्धत असताना खिडक्या मोजायच्या कशाला? भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात छोट्या शक्तीची यंत्रे परवान्याशिवाय चालवता येतात, आणि लोरा पद्धत गोंगाटाखाली बुडालेला सिग्नलही उचलते. हे तंत्र स्वागतार्ह आहे आणि नवशिक्यांना खुले आहे. तरी त्याचाही जमाखर्च मांडावा. शंभर मिलिवॉटच्या यंत्राची बारा किलोमीटरवरची शिल्लक चाळीस डेसिबलहून कमी असते, आणि लहर लहान असल्याने त्याच डोंगराचा तोटा चोवीसाऐवजी बत्तीसच्या आसपास येतो. हाती उरतात पाचएक डेसिबल. घराची एकच भिंत ते खाऊन टाकते. नवे तंत्र खिडकीचे महत्त्व कमी करत नाही, उलट वाढवते.

राहतो सोसायटीच्या गच्चीचा प्रश्न. गच्चीची परवानगी मिळणे अनेकदा अवघड असते, आणि सभासदांचे प्रश्नही रास्त असतात: वीज पडली तर, तार कुणाच्या अंगावर आली तर, पाणी गळले तर. इथेही मोजलेले आकडे वादापेक्षा उपयोगी पडतात. ‘गच्चीवर अँटेना हवी’ या मागणीला कुणी सहज नाही म्हणू शकते. ‘चौथ्या मजल्याच्या खिडकीत घाटकोपरची एकतीस टक्के पॅकेट मिळतात, गच्चीवर एक आठवडा ठेवून पाहिली तेव्हा चौऱ्याण्णव मिळाली,’ असा कागद समितीपुढे ठेवता आला तर बोलणे वेगळ्या पातळीवर जाते. आणि कधी मोजल्यावर उलटेही निघेल की खिडकीतच नव्वद टक्के मिळतात. मग गच्ची मागायची गरजच उरत नाही.

अशा नोंदी एकत्र केल्या की एक वही तयार होते. तिच्यात घर, मजला, खिडकीची दिशा, कोणत्या केंद्राची किती पॅकेट येतात आणि आपली कुठे किती पोचतात, संध्याकाळचा गोंगाट, उन्हाळ्याचा आकडा, जुलैचा आकडा, आणि बॅटरी किती तास पुरते. पाणी रुळांवर चढले आणि फोन मुके झाले, तर बोरिवलीचा निरोप मुलुंडला न्यायला अंधेरीतल्या कोणत्या घराला आधी हाक मारायची, ते या वहीत लिहिलेले असेल. ते घर त्या रात्री शोधायला निघालो तर सापडणार नाही. ते कोरड्या, निवांत दिवसांत, दर दहा मिनिटांच्या एका पॅकेटने मोजून ठेवलेले असले पाहिजे.